जुने अमेरिकन मादकद्रव्यपट : एक साधनचिकित्सा

इतिहासाच्या साधनांची चर्चा निघाली म्हणजे सनदा, महजर, शकावल्या, करीने आणि बखरी हीं नांवें आपल्या ओठांवर प्रथम येतात. बोलपटाची गणना साधनांत करावी कीं नाहीं, याविषयीं आपल्या अभ्यासक मंडळींत अद्याप एकवाक्यता नाहीं. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास लिहूं पाहणारास हा प्रश्न टाळतां येणार नाहीं. आणि बखरीस आपण जी कसोटी लावतों तीच बोलपटास लावली असतां काय निष्पन्न होतें, हें एका उदाहरणावरून पाहावें, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. उदाहरण परदेशचें आहे, व कांहींसें हलक्या दर्जाचेंही आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १९२० ते १९५० च्या दरम्यान अफू, कोकेन व गांजा यांच्या व्यसनांवर अल्प भांडवलाचे जे चित्रपट निघाले, त्यांचा येथें विचार करावयाचा आहे. कलाकृति या दृष्टीनें त्यांपैकीं बहुतेकांची किंमत शून्य आहे. पण त्यांच्या आधारावर आज लोक जीं विधानें करितात तीं क्षुल्लक नाहींत. कारण त्यांचा संबंध एका कायद्याशीं व त्या कायद्यान्वयें तुरुंगांत गेलेल्या माणसांशीं पोंचतो.

या चित्रपटांस तिकडे 'एक्स्प्लॉयटेशन' चित्रपट म्हणतात. हा शब्द ऐकतांच कोणाची तरी पिळवणूक असा अर्थ आपल्या मनांत येतो. परंतु मूळ धंद्याच्या बोलींत अर्थ निराळा होता. चित्रपटगृहाच्या दाराशीं देखावे मांडणें, हस्तपत्रकें वांटणें, गांवभर बोभाटा करणें, या जाहिरातीच्या खटपटीस ते लोक 'एक्स्प्लॉयटेशन' म्हणत. ज्या चित्रपटांत नामांकित नट नाहींत, सजावट नाहीं व कथाही धड नाहीं, तो केवळ या बोभाट्यावरच चालणार; म्हणून तें नांव त्यास चिकटलें. मराठींत 'डांगोरापट' म्हटल्यास अर्थाची हानि होणार नाहीं, व पुढें मीं तोच शब्द योजिला आहे.

डांगोरापटांस मोकळें रान मिळालें तें बड्या कंपन्यांच्या सोंवळेपणामुळें. विल हेज यांच्या अध्यक्षतेखालील निर्मात्यांच्या संघानें १९३० सालीं एक नीतिसंहिता मान्य केली व १९३४ पासून ती कडकपणें अमलांत आणिली. मादक द्रव्यांचा चोरटा व्यापार पडद्यावर दाखवूं नये असा त्यांत निर्बंध होता. संघाच्या संमतीची मुद्रा नसेल तर बड्या चित्रपटगृहांचे दरवाजे बंद होत. पण जो निर्माता संघाचा सभासदच नाहीं, ज्यास त्या चित्रपटगृहांची आशाही नाहीं, त्यास हा निर्बंध म्हणजे वरदानच ठरला. जें इतरत्र पाहावयास मिळणार नाहीं तेंच तो दाखवी. असे निर्माते आपला चित्रपट प्रांतवार विकून टाकीत. आपल्याकडील मक्त्याच्या पद्धतीची आठवण व्हावी अशीच ही रीत होती. मक्तेदार एक-दोन प्रती मोटारींत घालून गांवोगांव फिरे, लहानसें चित्रपटगृह कांहीं दिवसांपुरतें भाड्यानें घेई, आणि गल्ला गोळा करून पुढच्या गांवीं जाई. त्या फिरत्या धंदेवाल्यांस त्यांच्याच व्यवसायांत 'चाळीस चोर' असें नांव पडलें होतें.

या चित्रपटांच्या रचनेंत एक अंग असें आहे कीं तें संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास तत्काळ ओळखीचें वाटेल. आरंभीं पडद्यावर लांबलचक निवेदन येतें : हें दृश्य भयंकर आहे, तें दाखवितांना आम्हांस क्लेश होतात, परंतु समाजाच्या, विशेषतः मातापित्यांच्या, सावधगिरीस्तव आम्हीं हें कर्तव्य पत्करिलें आहे. धंद्यांत यास 'स्क्वेअर-अप' म्हणत. व्रतकथेच्या शेवटीं फलश्रुति येते, ती येथें आरंभींच येते एवढाच फरक. फलश्रुति झाली म्हणजे मध्यें काय आलें याचा जाब देण्याचें कारण उरत नाहीं. मधल्या भागांत नाच, मद्यपान, अर्धवस्त्र तरुणी, चिलमी व सिगारेटी यांची रेलचेल असे. जेथें पोलिसांचा डोळा तीक्ष्ण तेथें सौम्य प्रत, व जेथें ढिलाई तेथें उत्तान प्रत, अशा दोन प्रती जवळ बाळगण्याचीही चाल होती. यास्तव 'अमुक चित्रपटांत अमुक दृश्य आहे' असें विधान करण्यापूर्वीं कोणती प्रत, हें विचारणें प्राप्त आहे. पाठभेदाचा हा प्रश्न आपणांस नवा नाहीं.

सगळेच मादकद्रव्यपट या कोटींतले होते असें मात्र समजूं नये. प्रसिद्ध नट वॉलेस रीड यास १९१९ सालीं चित्रीकरणाच्या प्रवासांत अपघात झाला. वेदनाशमनार्थ मॉर्फीन देण्यांत आलें, आणि त्याचें व्यसन जडून १८ जानेवारी १९२३ रोजीं वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं तो वारला. त्याच वर्षीं त्याची विधवा पत्नी डॉरोथी डॅव्हनपोर्ट हिनें 'ह्यूमन रेकेज' हा मूकपट काढला व त्यांत स्वतः काम केलें. तिच्या हेतूविषयीं शंका घेण्यास मला कारण दिसत नाहीं. दुःख ताजें होतें व घरचें होतें. त्या मूकपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पुढें १९२८ सालीं विलिस केंट यानें 'द पेस दॅट किल्स' काढला व १९३५ सालीं त्याच नांवानें त्याची बोलकी आवृत्ति काढली. तीच नंतर 'द कोकेन फीन्ड्स' या नांवानें फिरूं लागली. येथपासून हेतु व गल्ला यांचें प्रमाण झपाट्यानें पालटत जातें.

या धंद्यांतील खरा महापुरुष म्हणजे ड्वेन एस्पर. हा मूळचा बांधकामाचा ठेकेदार. त्याची पत्नी हिल्डेगार्ड स्टेडी कथा लिही व हा दिग्दर्शन करी. १९३३ चा 'नार्कॉटिक' व १९३६ चा 'मारिहुआना' हे दोन चित्रपट या जोडप्याचे. 'नार्कॉटिक' मध्यें एक बरा डॉक्टर अफूच्या नादीं लागून गांवोगांव भोंदू औषधें विकूं लागतो व शेवटीं आत्मनाश करून घेतो अशी कथा आहे. पण माझें लक्ष कथेपेक्षां तिच्या डांगोऱ्याकडे अधिक गेलें. चित्रपटगृहाच्या दिवाणखान्यांत एस्परनें एक वाळलेलें मानवी प्रेत उभें केलें, आणि सांगितलें कीं हा एक व्यसनी. व्यसनास पैसा हवा म्हणून यानें औषधांचें दुकान लुटलें व पोलिसांनीं वेढतांच स्वतःस ठार मारून घेतलें.

हें प्रेत कोणाचें होतें, हें आज निश्चित ठाऊक आहे. एल्मर मॅक्कर्डी नांवाचा एक भुरटा दरोडेखोर ओक्लाहोमांत १९११ च्या ऑक्टोबरांत आगगाडी लुटावयास गेला. गाडी चुकीची निघाली. हातीं ४६ डॉलर व थोडी व्हिस्की लागली. थोड्याच दिवसांनीं, ७ ऑक्टोबर रोजीं, पाठलागावरील शिपायांशीं झालेल्या चकमकींत तो गोळी लागून मेला. प्रेत नेण्यास कोणी आलें नाहीं. पॉहस्का गांवच्या ज्या माणसानें तें सोमलाचा रस भरून टिकविलें होतें, त्यानें आपला खर्च भरून काढण्यासाठीं तें लोकांस पैसे घेऊन दाखविण्यास आरंभ केला. १९१६ सालीं जत्रेंत खेळ करणारे दोघे इसम 'आम्ही याचे भाऊ' असें खोटें सांगून तें घेऊन गेले. हातोहात फिरत १९२२ सालीं तें लुई सॉनी या खेळवाल्याकडे आलें, व त्याच्याकडून एस्परनें तें कांहीं काळ मिळविलें. म्हणजे ज्यानें कधीं औषधांचें दुकान लुटलें नाहीं, ज्यानें आत्महत्या केली नाहीं, ज्याचें ठाऊक असलेलें व्यसन दारूचें होतें, तो मनुष्य मरणानंतर बावीस वर्षांनीं अफूबाजाची साक्ष देण्यास उभा राहिला. बनावट सनदेवर खरा शिक्का मारावा, तसें हें झालें. शिक्का खरा, कागदही जुना; मजकूर तेवढा मागाहून लिहिलेला.

पुढली हकीकत आमच्या शास्त्राच्या दृष्टीनें मनोरंजक आहे. अनेक मालक पालटून हें प्रेत कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथील एका करमणूकगृहांत मेणाची बाहुली म्हणून टांगलें गेलें. १९७६ च्या डिसेंबरांत दूरचित्रवाणीच्या एका मालिकेचें चित्रण तेथें चालू असतां बाहुलीचा हात तुटला व आंत हाड दिसलें. वैद्यकीय तपासणींत तोंडामध्यें १९२४ सालचें एक सेंटचें नाणें व सॉनी याच्या गुन्हेगारी संग्रहालयाचें तिकीट मिळालें. ताम्रपटाचा काल ठरवावयास आपण जसें नाणें व लिपि पाहतों, तसेंच येथें नाण्यावरून व तिकिटावरून माग काढून ओळख पटविली गेली, आणि एप्रिल १९७७ मध्यें ओक्लाहोमांतील गथ्री येथें त्या दुर्दैवी मनुष्यास अखेर मूठमाती मिळाली.

आतां मुख्य ग्रंथाकडे, म्हणजे 'रीफर मॅडनेस' या नांवानें जगप्रसिद्ध झालेल्या बोलपटाकडे वळूं. 'रीफर' म्हणजे गांजाची सिगारेट. हें मूळ नांव नव्हे. लुई गास्निये या फ्रेंच दिग्दर्शकानें, ज्याचें नांव १९१४ च्या 'द पेरिल्स ऑफ पॉलिन' या मालिकेशीं जोडलेलें आहे, १९३६ सालीं हा चित्रपट 'टेल युअर चिल्ड्रेन', म्हणजे 'आपल्या मुलांस सांगा', या नांवानें तयार केला. निर्माता जॉर्ज हर्लिमन. पुढें तो एस्परच्या हातीं आला, आणि 'द बर्निंग क्वेश्चन', 'डोप अॅडिक्ट', 'डोप्ड यूथ', 'लव्ह मॅडनेस' अशीं नांवें धारण करीत देशभर हिंडला. एकाच ग्रंथाचीं पांच-सहा नांवें, व संपादक प्रक्षेपांविषयीं निष्काळजी, अशी ही स्थिति आहे.

कथा थोडक्यांत अशी. डॉ. कॅरोल नांवाचे एक हायस्कूलचे मुख्याध्यापक पालकांच्या सभेंत व्याख्यान देतात व त्या ओघांत गोष्ट उलगडते. मे नांवाची बाई व जॅक नांवाचा दलाल विद्यार्थ्यांस आपल्या बिऱ्हाडीं बोलावून गांजा पाजतात. जिमी नशेंत मोटार हांकून एका पादचाऱ्यास उडवितो. बिल व जॅक यांच्या झटापटींत पिस्तूल सुटून निरपराध मेरी मरते व आरोप बिलवर येतो. राल्फ नांवाचा तरुण पियानो अधिक जलद वाजविण्याचा धोशा लावतां लावतां भ्रमिष्ट होतो व जॅकला ठार करतो. ब्लँच सत्य सांगून टाकते व खिडकींतून उडी घेते. राल्फची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत. अखेरीस मुख्याध्यापक प्रेक्षकांकडे बोट रोखतात. मीं स्वतः उभा जन्म शाळेंत घालविला आहे. ज्या मुख्याध्यापकास विद्यार्थ्यांची एवढी बित्तंबातमी असते, त्याच्या शाळेंत एवढा अनर्थ होईपर्यंत तो काय करीत होता, असा प्रश्न माझ्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. असो.

या चित्रपटाविषयीं तीन समजुती रूढ आहेत. एक, एका धर्ममंडळानें सद्हेतूनें पैसा पुरविला. ही पुष्कळ ठिकाणीं छापली गेली आहे. परंतु एकानें दुसऱ्याचें उतरून घेतलें यापलीकडे तींत वजन नाहीं, आणि हर्लिमन हा धंदेवाईक निर्माता होता ही गोष्ट तिच्या विरुद्ध जाते. दुसरी समजूत अशी कीं हा सरकारी प्रचार होता. येथें मात्र थांबलें पाहिजे. १९३० सालीं स्थापन झालेल्या 'फेडरल ब्यूरो ऑफ नार्कॉटिक्स' या खात्याचा प्रमुख हॅरी अँस्लिंगर यानें गांजाविरुद्ध वृत्तपत्रांतून मोहीम चालविली हें खरें. परंतु व्यसनाचें चित्रण पडद्यावर येऊं नये असाच त्याचा कल होता. १९४६ सालीं संहितेचा निर्बंध सैल झाला व 'टु द एंड्स ऑफ द अर्थ' या १९४८ च्या बड्या चित्रपटांत तो स्वतः पडद्यावर आला, पण तो चित्रपट त्याच्या खात्याच्या गौरवाचा होता. त्याच वर्षीं कॅनडाच्या सरकारी चित्रपटमंडळानें व्यसनाकडे रोग म्हणून पाहणारा जो माहितीपट काढला, त्यास अमेरिकेंत मज्जाव झाला तो त्याच्याच विरोधामुळें. डांगोरापट हे सरकारनें काढलेले नसून सरकारनें उडविलेल्या धुरळ्यांत दुसऱ्यांनीं आपलीं दुकानें मांडलीं, असें म्हणणें पुराव्यास अधिक धरून होईल. याचें निदर्शक म्हणजे 'असॅसिन ऑफ यूथ' हें नांव. जुलै १९३७ च्या 'अमेरिकन मॅगझिन' मधील अँस्लिंगरच्या लेखाच्या मथळ्यांत हे शब्द होते, व त्याच वर्षीं एल्मर क्लिफ्टननें दिग्दर्शित केलेल्या एका डांगोरापटाचेंही हेंच नांव होतें.

तिसरी समजूत, कीं या चित्रपटानें १९३७ चा कायदा घडविला. कालानुक्रम तिच्या विरुद्ध आहे. बहुतेक संस्थानांनीं गांजाविरुद्ध आपापले कायदे त्यापूर्वींच केले होते. १९२५ च्या जिनीव्हा येथील अफूविषयक करारांत गांजाचा समावेश झालेला होता. 'मारिहुआना टॅक्स अॅक्ट' वर २ ऑगस्ट १९३७ रोजीं सही झाली व १ ऑक्टोबरपासून तो अमलांत आला. एस्परच्या बदललेल्या नांवांखालीं चित्रपट फिरत राहिला तो मुख्यतः त्यानंतर. चित्रपट कायद्याचा जनक नव्हे. दोघेही एकाच गोष्टींवर पोसले होते. चित्रपटांत एक सरकारी अधिकारी मुख्याध्यापकांस सांगतो कीं एका मुलानें नशेंत आपलें सारें कुटुंब कुऱ्हाडीनें मारलें. ही १९३३ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें घडलेली व्हिक्टर लिकाटा याची हकीकत, आणि ती अँस्लिंगरच्याही लेखांत आहे. परंतु त्या मुलाच्या घराण्यांत वेडाचा इतिहास होता, व त्या घटनेपूर्वींच त्यास वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्याचा यत्न झाला होता. हा तपशील चित्रपटांतही नाहीं व लेखांतही नाहीं.

कायद्याच्या चौकशींत अमेरिकन वैद्यकसंघाच्या वतीनें डॉ. विल्यम वुडवर्ड यांनीं जो आक्षेप घेतला तो शब्दशास्त्राच्या अभ्यासकानें मुद्दाम वाचावा. त्यांचें म्हणणें असें कीं, विधेयकाच्या नांवांत 'मारिहुआना' हा मेक्सिकोकडचा बोलीशब्द घातल्यामुळें आपण ज्यास 'कॅनबिस' म्हणून औषधांत देतों तीच ही वनस्पति, हें वैद्यांच्या ध्यानींच आलें नाहीं. दोरखंडाचा व्यापारी 'हेम्प' म्हणे, वैद्य 'कॅनबिस' म्हणे, वृत्तपत्रें 'मारिहुआना' म्हणत, झाड एकच. पांखरांच्या दाण्यासाठीं या झाडाचें बीं विकणारे व्यापारी तेवढे वेळेवर जागे झाले व त्यांनीं निर्जीव केलेल्या बियांपुरती सूट मिळविली. डॉक्टरांचें कोणी ऐकलें नाहीं. आपल्या भाषेंत असा घोटाळा होणें कठीण होतें. पाणिनि भंगेच्या शेतास निराळा तद्धित शब्द देतो, आणि तोही तीळ, उडीद, जवस यांच्या पंक्तींत बसवून. अथर्ववेदांतही भंगा हें नांव येतें. पानांची ती भांग, तुऱ्यांचा तो गांजा, व राळेचा तो चरस, हा भेद आपल्याकडे अशिक्षितासही ठाऊक असतो. १९८५ च्या आपल्या कायद्यानेंही तुऱ्यांवांचूनचीं पानें व्याख्येबाहेर ठेवून तो भेद पाळला आहे.

आणि याच भेदावर उभारलेली एक प्रचंड चौकशी तेव्हां छापून तयार होती. ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें डब्ल्यू. मॅक्वर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. सभासदांत राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनाम सिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. मुंबई इलाख्यासह देशभर हिंडून समितीनें १,१९३ साक्षी घेतल्या व १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनानें शरीरास, बुद्धीस वा नीतीस म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो, असा तिचा निर्णय. त्याहून महत्त्वाची तिची रीति. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत 'वेडाचें कारण : गांजा' अशा नोंदी शेंकड्यांनीं होत्या, व त्यांवरूनच गांजानें वेड लागतें हा समज दृढ झाला होता. समितीनें १८९२ सालच्या अशा नोंदी एक एक करून तपासल्या. तेव्हां दिसून आलें कीं रोग्यास पोलीस आणून सोडीत, कारणाचा रकाना रिकामा ठेवतां येत नसे, आणि म्हणून कारकून 'गांजा' लिही. खऱ्या चौकशींत निम्म्यांहून कमी नोंदी टिकल्या. राल्फच्या वेडाची व लिकाटाच्या कुऱ्हाडीची उत्पत्ति त्याच रकान्यांत आहे. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वींचा हा अहवाल इंग्रजींत असूनही वॉशिंग्टनच्या कायदेकारांनीं त्यास आपला आधार केला नाहीं.

कायदा अमलांत येतांच ऑक्टोबर १९३७ मध्यें डेन्व्हर येथें सॅम्युअल कॉल्डवेल व मोझेस बाका या दोघांस पकडण्यांत आलें. गांजा विकणाऱ्या कॉल्डवेलला चार वर्षें सक्तमजुरी व एक हजार डॉलर दंड झाला. जवळ बाळगणाऱ्या बाकास अठरा महिने. डांगोरापटांचा धंदाही चालूच होता. १९४८ सालीं नट रॉबर्ट मिचम याजबरोबर लिला लीड्स ही तरुण नटी गांजाच्या प्रकरणांत सांपडली व दोघांस साठ-साठ दिवसांची कैद झाली. मिचमची चलती पूर्ववत् राहिली. लीड्सच्या वाट्यास मात्र १९४९ चा एक डांगोरापट आला, ज्यांत तिनें आपल्याच अधःपाताचें सोंग करावयाचें होतें. क्रोगर बॅब या फिरत्या खेळवाल्यानें तो 'शी शुडा सेड नो' या नांवानें गांवोगांव फिरविला. मॅक्कर्डी मेलेला होता, ही जिवंत होती.

१९५५ सालीं ऑटो प्रेमिंजरनें संहितेची मुद्रा न घेतां 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' प्रदर्शित केला, पुढच्याच वर्षीं निर्बंध बदलला, व बड्या कंपन्यांस तो विषय मोकळा होतांच डांगोरापटांचा हा बाजार ओसरला. १९३७ चा कायदा १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निष्फळ ठरविला, पण लगेच १९७० सालीं त्याहून व्यापक कायदा झाला. नंतर १९७२ मध्यें, गांजावरील शिक्षा रद्द व्हाव्यात म्हणून संस्था काढणाऱ्या कीथ स्ट्रूप या वकिलानें वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांतून या जुन्या चित्रपटाची एक प्रत २९७ डॉलरांस विकत घेतली. स्वामित्वाची नोंद सदोष असल्यानें तो कोणासही दाखवितां येत होता. स्ट्रूपनें आपल्या चळवळीस निधि जमविण्यासाठीं त्याचे खेळ लावले, न्यू लाइन सिनेमा या तेव्हांच्या लहान कंपनीनें तो महाविद्यालयांतून फिरविला, आणि ज्यांस भिववावयाचें म्हणून तो निघाला होता त्यांचेच नातवंडांच्या वयाचे विद्यार्थी तिकिटें काढून डॉ. कॅरोल यांच्या रोखलेल्या बोटासमोर पोट धरधरून हंसले.